तयार कोड आपल्या मापात बसवताना

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम आजकाल कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. तारखांचे हिशेब, आकड्यांची मांडणी, फाइल वाचणे, डेटाबेसशी देवाणघेवाण, पडद्यावरची बटणे आणि तक्ते या सगळ्यांसाठी कुणीतरी आधी लिहून आणि तपासून ठेवलेले घटक मिळतात. बँकेचे सॉफ्टवेअर असो की दवाखान्याचे, त्यातला बराच कोड ते बनवणाऱ्या चमूने लिहिलेला नसतो, बाहेरून आणलेला असतो. आणलेला घटक मात्र जसाच्या तसा क्वचितच बसतो. त्याला माहिती एका रूपात हवी असते आणि हाताशी ती दुसऱ्याच रूपात असते. त्याच्या मेथडची, म्हणजे त्याच्याकडून करून घेता येणाऱ्या कामांची, नावे प्रोग्रॅमला अपेक्षित नावांशी जुळत नाहीत. कधी तो एखादे काम करतच नाही, तर कधी नको ते करून मोकळा होतो. ही तफावत भरून काढण्याला घटकाचे अनुकूलन म्हणतात. पुनर्वापराचे गोडवे पुष्कळ गायले गेले, अनुकूलनाविषयी त्या मानाने कमी लिहिले गेले. पुनर्वापराचा खर्च वसूल होतो की अंगावर येतो, हे मात्र बहुतेक वेळा इथेच ठरते.

सुट्या सॉफ्टवेअर घटकांचा उद्योग असावा, ही कल्पना जाहीरपणे मांडली गेली ती ऑक्टोबर १९६८ मध्ये. जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर परिषद भरवली होती. तिथे बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी निबंध वाचला. इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवणारा अभियंता सुटे भाग कॅटलॉगमधून निवडतो आणि प्रोग्रॅमर मात्र दर वेळी सगळे हाताने घडवत बसतो, ही त्यांची तक्रार होती. उदाहरण त्यांनी अगदी छोटे घेतले: कोनाची साइन काढणारा उपप्रोग्रॅम. एकाला ढोबळ उत्तर चालते, दुसऱ्याला फार अचूक लागते. कुणाला वेग हवा असतो, कुणाला मेमरी वाचवायची असते. चुकीचा आकडा आत आला तर एकाला इशारा हवा असतो, दुसऱ्याला ती तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. हे सगळे पर्याय गुणले तर एकट्या साइनचे तीनशे नमुने लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या निबंधातला सर्वांत बोलका भाग हा आकडाच आहे. ‘काम तेच’ म्हणणाऱ्या दोघांना हुबेहूब तोच घटक हवा असतो असे नाही, हे घटकांचा उद्योग जन्माला येण्याआधीच दिसून आले होते.

या अडचणीवर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने वेगळा उपाय दिला. तिचा उगम ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत आहे. या पद्धतीत क्लास हा आराखडा असतो. त्यावरून तयार होणारे ऑब्जेक्ट स्वतःची माहिती स्वतःजवळ राखते आणि बाहेरच्यांना ठरावीक मेथडमधूनच तिच्यापर्यंत पोचू देते. बाहेरून दिसणाऱ्या या मेथडच्या यादीला इंटरफेस म्हणतात. शिवाय एका क्लासवरून दुसरा क्लास काढता येतो. वारसदार क्लासला मूळ क्लासचे सगळे मिळते, आणि त्यातली एखादी मेथड तो आपल्या पद्धतीने पुन्हा लिहू शकतो. प्रोग्रॅमर याला इनहेरिटन्स म्हणतात. म्हणजे तीनशे नमुने साठवून ठेवण्याचे कारण उरले नाही. एक नमुना ठेवावा आणि फरक तेवढा वारसदारात लिहावा.

१९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक भाषेने ही पद्धत पूर्णत्वाला नेली. ब्रॅड कॉक्स यांनी टॉम लव्ह यांच्या साथीने ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा काढली आणि १९८६ च्या आपल्या पुस्तकात ‘सॉफ्टवेअर आयसी’ ही कल्पना पुढे केली. इलेक्ट्रॉनिक चिप सर्किटवर बसवावी तसा क्लास प्रोग्रॅममध्ये बसवायचा, अशी ती कल्पना. ती आकर्षक होती, पण अर्धीच खरी ठरली. चिपला किती व्होल्टेज लागते, तिच्या कोणत्या पायाला कोणता सिग्नल कधी द्यायचा, किती तापमानापर्यंत ती टिकते, हे सगळे तिच्या डेटाशीटमध्ये छापलेले असते. क्लाससोबत सहसा मेथडची नावे आणि लागणाऱ्या माहितीचे प्रकार एवढेच लिहून येतात. बाकीच्या अटी कोडच्या पोटात राहतात, आणि अनेकदा त्या लिहिणाऱ्याच्याही ध्यानात नसतात.

अनुकूलनाचे मार्ग समजून घ्यायला भारतीय प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामातले एक उदाहरण सोयीचे आहे. जावा भाषेसोबत डेसिमलफॉरमॅट नावाचा क्लास मिळतो. आकडा द्यावा, तो स्वल्पविराम घालून छापण्याजोगा मजकूर करून देतो. १९९७ च्या जावा १.१ पासून तो आहे. पण त्याला गटांचा एकच आकार कळतो. १२३४५६७८ हा आकडा तो १२,३४५,६७८ असा लिहितो. लाख-कोटींच्या पद्धतीत तो १,२३,४५,६७८ असा लिहावा लागतो, म्हणजे उजवीकडचा पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे सगळे दोन-दोन अंकांचे. नमुन्यात वेगवेगळ्या लांबीचे गट लिहून दिले तरी हा क्लास फक्त शेवटच्या गटाची लांबी धरतो आणि बाकीचे गट सोडून देतो. जावाच्या दस्तऐवजातच तसे नमूद आहे, त्यामुळे याला चूक म्हणता येत नाही. लिहिणाऱ्यांनी दोन आकारांचे गट गृहीतच धरले नव्हते.

आता बिले छापणाऱ्या एखाद्या मराठी प्रोग्रॅमला दोन गोष्टी हव्या आहेत असे समजू: आकडे देवनागरीत आणि स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे. पहिली गोष्ट एका ओळीत होते. या क्लासच्या चिन्हांच्या यादीत शून्याचे चिन्ह बदलायची सोय आहे. तिथे ‘०’ ठेवला की पुढचे नऊ अंक त्यामागोमाग देवनागरीत येतात. घटक लिहिणाऱ्याने ही गरज आधी ओळखली होती, म्हणून जागा ठेवली. शिंपी शिवणीच्या आत माया ठेवतो तसाच हा प्रकार. माया असेल तर कपडा नंतर सैल करता येतो, नसेल तर ठिगळ लावावे लागते. सेटिंग बदलून होणारे अनुकूलन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित असते, कारण त्यात घटकाच्या आत शिरावे लागत नाही. त्याची मर्यादाही उघड आहे: लेखकाने जेवढे ओळखले तेवढेच बदलता येते. स्वल्पविरामांसाठी अशी जागा नाही, म्हणून दुसऱ्या गरजेसाठी वेगळी वाट शोधावी लागते.

सर्वांत सरळ वाटणारी वाट म्हणजे मूळ कोड उघडून त्यात हवा तो बदल करणे. जावाचा स्रोत खुला आहे, त्यामुळे हे अशक्य नाही. पण बदललेला क्लास म्हणजे बदललेली जावा, आणि बिलांचा प्रोग्रॅम जिथे जिथे चालणार तिथे तिथे ती बसवावी लागेल. मूळ जावाची सुधारित आवृत्ती आली की तो बदल तिच्यात पुन्हा घालावा लागेल, पुन्हा तपासावा लागेल. घटक स्वतःचा केला की त्याची देखभालही स्वतःकडे येते, आणि ज्यासाठी तो उसना आणला तो फायदाच हातून जातो. या खर्चाचा अभ्यासही झालेला आहे. रिचर्ड सेल्बी यांनी नासाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीतले सुमारे तीन हजार पुनर्वापरित मॉड्यूल अभ्यासले. त्यातून दिसले की खर्च बदलाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. काहीही न बदलता घटक घेतला तरी तो शोधण्या-पारखण्याचा थोडा खर्च असतोच. आणि थोडासा बदल केला की खर्च एकदम वर जातो, कारण दोन ओळी बदलायच्या तरी आधी त्यांच्या आजूबाजूचा पुष्कळ कोड समजून घ्यावा लागतो. बॅरी बोम यांच्या ‘कोकोमो २’ या खर्चाच्या अंदाजपद्धतीत हा निष्कर्ष पुढे वापरला गेला. स्रोतात हात घालणे हा उपाय शेवटचा ठेवावा, हे म्हणायला एवढा आधार पुरेसा आहे.

तिसरी वाट वारशाची. डेसिमलफॉरमॅटवरून नवा क्लास काढायचा आणि मजकूर तयार करणारी मेथड तेवढी नव्याने लिहायची. मूळ कोडला हात लागत नाही, आणि जिथे मूळ क्लास चालतो तिथे नवा क्लासही चालतो. १९८० च्या दशकात पुनर्वापर म्हणजे वारसा असेच जणू समीकरण झाले होते. बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात घटक विस्ताराला खुला आणि बदलाला बंद असावा, हे तत्त्व मांडले तेव्हा त्यांच्यासमोरही वारशाचेच साधन होते.

पण वारशात एक छुपा सापळा आहे. वारसदार क्लासला मूळ क्लासच्या मेथड मिळतात आणि त्या मेथडचे आपसातले संबंधही चिकटून येतात. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात याचे एक चांगले उदाहरण दिले आहे. जावातल्या हॅशसेट या क्लासमध्ये वस्तूंचा संच ठेवता येतो. त्यात एक वस्तू घालणारी ‘अ‍ॅड’ ही मेथड आहे आणि एकदम अनेक वस्तू घालणारी ‘अ‍ॅडऑल’ ही दुसरी. आजवर किती वस्तू घातल्या याची मोजदाद ठेवणारा वारसदार क्लास हवा आहे. प्रोग्रॅमर ‘अ‍ॅड’मध्ये एकाची भर घालतो, ‘अ‍ॅडऑल’मध्ये जितक्या वस्तू आल्या तितक्यांची, आणि मग पुढचे काम मूळ मेथडवर सोपवतो. तीन वस्तू एकदम घातल्या की मोजणी सहा दाखवते. कारण मूळ ‘अ‍ॅडऑल’ आतून एकेका वस्तूसाठी ‘अ‍ॅड’लाच हाक मारते, आणि ती हाक आता वारसदाराच्या ‘अ‍ॅड’कडे येते. इंटरफेसमध्ये हे कुठेच दिसत नाही. ‘अ‍ॅडऑल’मधली भर काढून टाकली तर मोजणी सुधारेल, पण मग सगळा भार मूळ क्लासच्या आतल्या एका सवयीवर राहील, आणि पुढच्या आवृत्तीत ती सवय बदलली तर मोजणी पुन्हा चुकेल. मूळ क्लासमधला निरुपद्रवी बदल वारसदारांना मोडतो, या दोषाला ठिसूळ पायाभूत क्लासचा प्रश्न म्हणतात.

दुसरा दोष याहून मूलभूत आहे. वारशात सगळे घ्यावे लागते, नको असलेले गाळता येत नाही. जावाच्या पहिल्या आवृत्तीत स्टॅक हा क्लास व्हेक्टर या क्लासवरून काढला गेला. स्टॅकचा नियम असा की शेवटी ठेवलेली वस्तू आधी निघते, मधल्या वस्तूला हात लावायचा नाही. पण व्हेक्टरमध्ये कुठल्याही क्रमांकावर वस्तू घालता किंवा काढता येते, आणि वारशामुळे ती मुभा स्टॅकलाही मिळाली. प्रॉपर्टीज या क्लासचे असेच झाले. त्यात फक्त मजकूर ठेवणे अपेक्षित आहे, पण हॅशटेबल या क्लासचा वारस असल्यामुळे त्यात वाटेल ते ठेवता येते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एक कसोटी मांडली होती. मूळ प्रकारच्या ऑब्जेक्टच्या जागी वारसदार प्रकारचे ऑब्जेक्ट ठेवले तरी प्रोग्रॅमचे वागणे बिघडता कामा नये. व्हेक्टर समजून ज्याने मधल्या जागी वस्तू घातली, त्याने स्टॅकचा नियम मोडला. नियम टिकवायचा तर व्हेक्टरचा वायदा मोडतो. कोड वाचवण्यासाठी केलेला वारसा आणि खरोखर तोच प्रकार असल्यामुळे केलेला वारसा यांत गल्लत झाली की असे होते.

सी++ भाषेच्या प्रमाणित लायब्ररीने याच प्रसंगी शहाणी निवड केली. तिथला स्टॅक कुणाचा वारस नाही. तो डेक नावाचा दुसरा संग्रह पोटात ठेवतो, वस्तू ठेवणे-काढणे त्याच्याकडून करून घेतो आणि बाहेर फक्त स्टॅकला शोभणाऱ्या मोजक्या क्रिया दाखवतो. हवे तर पोटातला संग्रह बदलूनही देता येतो. ही चौथी वाट: घटकाभोवती वेष्टन घालणे. १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज यांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले. त्यातल्या तेवीस आकृतिबंधांपैकी कित्येक या वाटेवरचे आहेत. अडॅप्टर इंटरफेस बदलून देतो. डेकोरेटर इंटरफेस तोच ठेवून कामात भर घालतो. फसाड अनेक क्लिष्ट घटकांसमोर एकच सोपा दर्शनी भाग उभा करतो. वारसा करण्यापेक्षा ऑब्जेक्ट जोडून काम साधावे, असा या लेखकांचा स्पष्ट कौल आहे. जावात फाइल वाचताना हे रोज घडते. इनपुटस्ट्रीमरीडर हा अडॅप्टर बाइटच्या प्रवाहाला अक्षरांच्या प्रवाहाचे रूप देतो, आणि त्यावर बफर्डरीडर हा डेकोरेटर ओळीने वाचण्याची सोय चढवतो.

बिलांच्या प्रोग्रॅमला हीच वाट मानवते. प्रोग्रॅमने आपल्या गरजेपुरता एक छोटा इंटरफेस ठरवावा: रक्कम द्यावी, मजकूर मिळावा. त्यामागच्या वेष्टनाने डेसिमलफॉरमॅटकडून स्वल्पविराम न घातलेले देवनागरी अंक घ्यावेत आणि स्वल्पविराम स्वतः घालावेत. काम वाटते तितके सोपे नाही. ऋण चिन्ह आणि दशांशाचे पैसे यांचा विचार न करता उजवीकडून अक्षरे मोजत गेले की ‘-५००’ या रकमेत उणे चिन्हानंतर स्वल्पविराम पडतो. वेष्टन छोटे असले तरी तो कोडच आहे, त्यालाही चाचण्या लागतात. फायदा पुढे दिसतो. आयसीयू या दुसऱ्या लायब्ररीतल्या डेसिमलफॉरमॅटमध्ये दुसऱ्या गटाचा आकार वेगळा ठेवण्याची सोय आहे. उद्या ती वापरायचे ठरले तर नवे वेष्टन लिहायचे, बिलांच्या कोडमधली एकही ओळ बदलायची नाही. परका घटक प्रोग्रॅमभर पसरू न देता एका दारातूनच आत घेण्याचा हा लाभ, केवळ नावे जुळवण्याच्या सोयीपेक्षा बराच मोठा आहे.

वेष्टनही निर्दोष नाही. मूळ घटकाला पन्नास मेथड असतील आणि त्यातली एकच बदलायची असेल, तरी उरलेल्या एकोणपन्नास मेथडची हाक आत पोचवणारा कोड लिहावा लागतो. वेष्टन घातलेले ऑब्जेक्ट आणि आतले ऑब्जेक्ट संगणकाच्या लेखी दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात. ‘हे तेच का?’ अशी तुलना झाली की उत्तर नाही असे येते. घटकाने आतून स्वतःच्याच मेथडला हाक मारली तर ती वेष्टनाकडे येत नाही. हॅशसेटच्या मोजणीत हे पथ्यावर पडते, कारण दुहेरी मोजणी टळते. पण घटकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायची असेल तर त्याच कारणाने निम्म्या नोंदी सुटतात. ऊर्स होल्झल यांनी १९९३ मध्ये, स्वतंत्रपणे लिहिलेले घटक एकत्र आणताना भाषाच कमी पडतात असे दाखवून, घटक जोडताना त्याच्या प्रकारात भर घालता यावी असा आग्रह धरला होता. तशा सोयी नंतर अनेक भाषांत रुळल्या. सी# मधल्या एक्स्टेन्शन मेथड आणि स्विफ्टमधली एक्स्टेन्शन ही त्याची उदाहरणे. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रकाराला त्यांमुळे बाहेरून नव्या मेथड जोडता येतात.

इथवरची सगळी तफावत दिसणारी होती. चूक झाली तर बिलावर लगेच कळते. न दिसणारी तफावत फार महाग पडते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड गार्लन आणि त्यांचे सहकारी ईसॉप नावाची प्रणाली बनवत होते. चार तयार घटक त्यांनी घेतले: ऑब्जेक्ट ठेवणारा एक डेटाबेस, पडद्यावरच्या चित्रांसाठी इंटरव्ह्यूज हा संच, प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणारा सॉफ्टबेंच, आणि दूरच्या मेथडला हाक मारण्यासाठी लागणारा कोड बनवणारे एक साधन. चारही घटक नावाजलेले होते, सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले होते आणि त्यांचा स्रोतही उपलब्ध होता. सहा महिन्यांत, एका माणसाच्या वर्षभराच्या श्रमात काम होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन वर्षे गेली आणि श्रम जवळजवळ पाच मनुष्यवर्षांचे झाले. तयार झालेली प्रणाली अवजड आणि संथ होती. १९९५ मध्ये त्यांनी कारणे प्रसिद्ध केली. मेथडची नावे न जुळणे ही त्यातली किरकोळ बाब होती. मुख्य अडचण अशी की अनेक घटकांनी प्रोग्रॅमचा ताबा आपल्याकडेच आहे असे धरले होते. बाहेरच्या घटनांची वाट पाहणारे मुख्य चक्र प्रत्येकाचे स्वतःचे होते, आणि एका प्रोग्रॅममध्ये अशी दोन-तीन चक्रे सुखाने नांदत नाहीत. शेवटी एका घटकाचे चक्र आतून बदलावे लागले. अशी गृहीतके कोणत्याही इंटरफेसमध्ये लिहिलेली नसतात, आणि वेष्टन बाहेरून कितीही नीट घातले तरी ती जागची हलत नाहीत.

घटक मुळीच न बदलणे हाही एक निर्णयच असतो, हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावर दिसले. युरोपचा एरियन-५ हा नवा अग्निबाण पहिल्या उड्डाणात, मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्यासोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. जाक-लुई लिआँस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारण शोधले. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन-४ वरून आणलेले होते. हा कोड एडा भाषेतला होता, त्यात क्लास-वारशाचा मुद्दा नव्हता, पण धडा पुनर्वापराचाच आहे. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियन-४ च्या मार्गावर ती संख्या कधीच एवढी वाढत नसे. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून सात जोखमीच्या संख्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले होते, आणि ही त्यात नव्हती. एरियन-५ ने सुरुवातीलाच खूप जास्त आडवा वेग घेतला आणि संख्या मावेनाशी झाली. राखीव यंत्रणेत हेच सॉफ्टवेअर होते, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. मुख्य संगणकाने बिघाडाचा निरोप उड्डाणाची माहिती समजून वाचला, नळकांडी कमाल कोनात वळवली, आणि अग्निबाण मोडू लागताच त्याने स्वतःला नष्ट केले. सर्वांत खटकणारी बाब वेगळीच आहे. तो हिशेब करणारा भाग उड्डाणानंतर एरियन-५ ला लागतच नव्हता. एरियन-४ च्या एका जुन्या गरजेसाठी तो आणखी काही वेळ चालू ठेवला जात असे, आणि नीट चाललेल्या सॉफ्टवेअरला हात लावू नये म्हणून तसाच राहिला.

या अपघातावर झां-मार्क जेझेकेल आणि बर्ट्रांड मेयर यांनी जानेवारी १९९७ मध्ये लिहिलेला लेख गाजला. मेथडला हाक मारण्यापूर्वी काय खरे असले पाहिजे आणि काम संपल्यावर काय खरे असेल, हे कोडसोबतच करारासारखे लिहून ठेवावे, ही मेयर यांची जुनी भूमिका. त्यांच्या आयफेल भाषेत तशी सोयच आहे. वेगाची संख्या अमुक मर्यादेत असली पाहिजे, एवढे एक कलम कोडपाशी लिहिलेले असते तर एरियन-५ च्या अभियंत्यांना ते तपासावे लागले असते, असे त्यांचे म्हणणे. टीकाकारांनी विचारले की ते कलम वाचले गेले असते याची खात्री काय? शंका रास्त आहे. करार लिहिल्याने चाचणीची गरज संपत नाही. पण गृहीतक कुठेतरी लिहिलेले असल्याशिवाय ते तपासायचे हे तरी कुणाला सुचणार? उसना घटक नव्या जागी नेताना त्याच्या जुन्या चाचण्या पुरत नाहीत. नव्या जागेतले आकडे, तिथला वेग, तिथला क्रम घालून त्या नव्याने चालवाव्या लागतात.

घटक लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न उलटा होतो. कुठे बदल होऊ द्यायचा आणि कुठे नाही, हे त्याला आधी ठरवावे लागते. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी १९८८ मध्ये एक निरीक्षण नोंदवले, ते आजही लागू पडते. पुनर्वापरासाठी लिहिलेला क्लासचा संच सुरुवातीला आतून उघडा असतो. वापरणाऱ्याला त्याचा कोड वाचून वारसदार काढावे लागतात. तो संच बऱ्याच ठिकाणी वापरला जातो, कुठे बदल लागतात हे लेखकाला कळत जाते, तशा त्या जागा ठरावीक इंटरफेसच्या रूपाने बाहेर येतात आणि आत डोकावण्याची गरज उरत नाही. म्हणून पहिल्याच प्रयत्नात सर्वांना चालेल असा घटक लिहू पाहणाऱ्यांचा घटक बहुधा कुणालाच धड चालत नाही. डेसिमलफॉरमॅटच्या लेखकांना शून्य बदलणाऱ्या लिपी माहीत होत्या, कोटी माहीत नव्हते.

आणि एकदा घटक जाहीर झाला की मागे वळणे अवघड. इंटरफेसमध्ये एक नवी मेथड जोडली की तो इंटरफेस पाळणारे जगभरचे क्लास अपुरे ठरतात. २०१४ च्या जावा ८ मध्ये संग्रहांच्या इंटरफेसना नव्या क्रिया द्यायच्या होत्या, तेव्हा भाषेतच सोय करावी लागली. इंटरफेसमधल्या मेथडला आता स्वतःचा ठरीव कोड देता येतो, त्यामुळे जुने क्लास न बदलता चालतात. चुकीचा वारसा मात्र असा दुरुस्त करता आला नाही. स्टॅकऐवजी डेक या इंटरफेसवर आधारलेले क्लास वापरावेत, असे जावाचे दस्तऐवजच सांगतात, आणि तरीही व्हेक्टरचा वारस असलेला तो स्टॅक जावात आजही तसाच आहे.